झारीच्या मागून

हस्तिनमडुगूच्या डोहात तुमचे पाय घोट्यापर्यंत बुडाले आहेत आणि पौषातल्या थंडीची कळ थेट गुडघ्यात चढते आहे. आजूबाजूला पांढरी धोतरं, पांढरे सदरे, डोक्याला पांढरे पटके. मेस्राम या गोंड कुळातली ही माणसं तेलंगणातल्या केस्लापूरहून चालत आली आहेत आणि चालतच परत जाणार आहेत. पितळेची झारी पाण्यात टेकते, बुडबुडे येतात, झारी भरते. पांढऱ्या कापडात तिला गुंडाळतात आणि रांग वळते.

अनवाणी चालायचं, ही त्यांची अट. साल विचारायचं नाही, ही माझी. ही वाट इतक्या पौषांत मळली आहे की एखाद्या वळणावर तुम्ही 1943 मध्ये निघाल, एखाद्या चढावर 1982 मध्ये. घाबरू नका. झारी दिसत राहिली म्हणजे चुकलेला नाहीत.

पाणी तसं तुमच्याच बाजूचं आहे. त्र्यंबकेश्वरला निघालेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड करत इथे, आजच्या मंचेरियाल जिल्ह्यातल्या कलमडुगु गावाशी येते. वाटेत जायकवाडी, विष्णुपुरी, श्रीरामसागर. या नदीचं पाणी टीएमसीत मोजून राज्यं भांडली, लवादापुढे गेली, बाभळीच्या बंधाऱ्यापायी सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली. मेस्रामांचा वाटा कुठल्या निवाड्यात लिहिलेला नाही. वर्षाला एक झारी, बस.

तुमच्या पुढे चालणारा परधान गोष्ट सांगतो आहे. परधान हे गोंडांचे कुळगायक. देवांच्या कथा किकरीवर गातात त्या गोंडीतून, आणि घरात त्यांची बोली मराठी. म्हणून तो वळून तुम्हाला विचारतो, "पाव्हणे, कोन गावचे?" तुम्ही किनवटकडचे म्हणता. तो मान डोलावतो, जणू किनवट पुढच्याच टेकडीमागे आहे. मग कथा मराठीत सुरू करतो. मेस्रामांच्या राणीच्या पोटी नाग जन्मला. आईने आपल्या भावाची लेक गौरी त्याला करून दिली. टोपलीत नवरा घेऊन ती हिंडत राहिली. गोदावरीत न्हाला तेव्हा नागाचा माणूस झाला, आणि परत नाग होऊन दिसेनासा झाला. त्याला शोधत गौरी पाण्यात उतरली ती वर आलीच नाही. नाग मात्र केस्लापूरला निघाला. तिथलं वारूळ म्हणजे नागोबा. पाणी इथूनच का न्यायचं, हे विचारायची आता तुम्हाला गरज वाटत नाही.

थोडं मागे या. अजून झारी निघायची आहे. पौषाची कोर नुकती दिसली आहे. कुळातली जाणती माणसं केस्लापूरला जमली आणि छकडा जुंपला. तो गावोगाव फिरून सांगणार: अमावास्येला नागोबाच्या जत्रेला या. ज्यांना सांगायचं त्यांच्या खिशात मोबाइल आहे, आरटीसी जादा गाड्या सोडणार आहे, कलेक्टर कचेरीत जत्रेच्या तयारीची बैठक झालेली आहे. तरीही बैलांच्या चालीने छकडा जातो. ज्या दारात तो थांबतो तिथल्या म्हातारीला मोबाइलवर आलेली तारीख ही नुसती माहिती वाटते. आवतण ते हे.

छकडा सिरिकोंड्याला थांबतो. इथे गुग्गिल्ला घराण्याचे कुंभार आहेत. पिढ्यान् पिढ्या नागोबाची मडकी यांनीच घडवायची. तुम्ही अंगणात उकिडवे बसा. घागरी, लहान मडकी, झाकण्या, दिवे, सगळी मागणी सांगून होते. इथे तुम्हाला मी जरा जास्त वेळ बसवून ठेवणार आहे, कारण देवळापेक्षा हे अंगण मला महत्त्वाचं वाटतं. हे कुंभार गोंड नाहीत. कुळाबाहेरच्या, जातीबाहेरच्या हातांवाचून मेस्रामांचा देव न्हाऊ शकत नाही. मडक्याला रोजचं गिऱ्हाईक फारसं राहिलेलं नाही. स्टीलचा हंडा आला, मग प्लास्टिकची घागर आली, फ्रिज आला. पण ही मागणी दर पौषात येते आणि ती बाजारातून पुरी करता येत नाही. शहाणे लोक सांगतात की परंपरा श्रद्धेवर टिकते. असेलही. मला तरी दिसतं ते असं की ती एकमेकांच्या अडवणुकीवर टिकते. कुंभाराशिवाय घागर नाही, परधानाशिवाय कथा नाही, लेकी-जावयांनी माती लावल्याशिवाय वारूळ नाही. सगळं एकट्या पुजाऱ्याच्या हातात असतं तर त्याने कधीच मोटारसायकलवरून बिसलेरीच्या बाटलीतून गोदावरी आणली असती.

पुन्हा रांगेत या. जन्नारमचं जंगल सुरू झालं आहे. साग, तेंदू, पायाखाली करकरणारी पानं. 2012 पासून हा कवाल व्याघ्र प्रकल्प आहे, तसे फलकही दिसतील. पुढच्या वळणावर फलक नाहीत, साग जास्त दाट आहे, आणि खाकीतला जंगल शिपाई आडवा उभा आहे. निजामाचं राज्य. राखीव जंगलाच्या रेषा नुकत्या आखल्यात आणि त्या रेषांच्या आत गोंडांची शेतं, गावं, देवांच्या जागा सापडल्या आहेत. याच रागातून गोंडांचा पुढारी कुमराम भीम उठला आणि 1940 मध्ये जोडेघाटला मारला गेला. रांग शिपायाच्या बाजूने निघून जाते. तेव्हाही आणि आताही जंगलातून जायला परवानगी कुणी द्यायची हा प्रश्न आहेच. झारी तो विचारत थांबत नाही.

मार्लवाई गाव खरं तर वाटेत नाही. पण काळ ओलांडणाऱ्याला थोडी आडवाट चालते, तेव्हा जैनूरच्या बाजूला वळा. साल 1943. गवती छपराखाली मोठी माणसं पाट्या घेऊन बसली आहेत. समोर एक उंच, गोरा माणूस गोंडीतून बोलतो आहे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, मानववंशशास्त्रज्ञ, राहणार व्हिएन्ना. युद्ध पेटलं तेव्हा त्याच्या हातात जर्मन पासपोर्ट होता. इंग्रजांनी त्याला हैदराबाद संस्थानात राहू दिलं. जोडेघाटनंतर निजाम सरकारला प्रश्न पडला होता की हे लोक उठले तरी का. उत्तर शोधायला तो आदिलाबादेत आला आणि बायको बेट्टीसह या गावात राहिला.

पाटीवर काय लिहिलंय बघा. भाषा गोंडी, अक्षरं तुमची. ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीतून होती, म्हणून इथली पहिली गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली. इथे शिक्षक तयार होणार आणि गावोगाव शाळा काढणार. पुढे राज्यं बदलली, शाळा तेलुगूत गेली, आणि त्या पुस्तकांची आठवण मराठीत जवळजवळ कुणालाच राहिली नाही. आपल्या लिपीने कुणासाठी काय केलं याचे पोवाडे गाणारे आपण, हे कसं विसरलो?

बेट्टी 1987 मध्ये हैदराबादेत वारली. तिला मार्लवाईत पुरलं. पुढे हायमेनडॉर्फच्या अस्थीही इथे आल्या. आता दर 11 जानेवारीला गाव त्यांची पुण्यतिथी करतं. परक्या माणसालाही आपल्या पूर्वजांच्या रांगेत बसवून घेण्याची ही रीत मला त्याच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा बोलकी वाटते.

रांग गाठा. पायांना एव्हाना फोड आले असतील. पंढरीची वारी केलेल्यांना हे नवीन नाही. फक्त तिथे रस्ताभर पाण्याचे टँकर, फराळाचे ट्रक आणि पाय दाबून देणारे असतात, आणि मागून कुणीही सामील होऊ शकतो. वारी वाढत वाढत महाराष्ट्राएवढी झाली. ही रांग कुळापुरतीच राहिली. यात कंजूषपणा आहे असं आधी वाटतं. मग मुक्कामाच्या गावी कोण कुणाचा व्याही, कोण कुणाचा साडू याच्या गप्पा रात्रभर चालतात आणि कळतं की ही रांग पाण्याइतकीच नात्यांची बेरीज गोळा करत चालली आहे.

इंद्रवेल्ली. साल 1982, जानेवारी. इथे तुमचं चालणं जड होईल. नऊ महिन्यांपूर्वी, 20 एप्रिल 1981 ला, सोमवारच्या बाजारी इथे गोंड जमले होते. जमिनीचे पट्टे, सावकारी, जंगल खात्याचा जाच. मागण्या नव्या नव्हत्या, 1940 पासून त्याच होत्या. सभेला परवानगी नाकारली गेली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा 13 मृतांचा. तो मानणारा माणूस या परिसरात सापडणं कठीण. स्मारकाचा स्तूप अजून उभा नाही. तो 1983 ला होईल, 1986 ला स्फोटाने उडवला जाईल, 1987 ला पुन्हा बांधला जाईल. त्यानंतरही कित्येक वर्षं एप्रिल आला की तिथे फूल वाहायला पोलिसांची आडकाठी असेल.

रांग इंद्रादेवीच्या देवळाशी थांबते, पूजा होते, ढोल आणि पेपरे वाजतात. गोळीबार झाला म्हणून विधीत काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही. मला हे आधी खटकलं होतं. देवापुढे एक शब्दही नको? पण विधीचं काम वेगळं आहे. ज्या गावात जमणं हाच गुन्हा ठरला, त्याच गावातून माणसं रांगेने, वाजतगाजत, ठरल्या तिथीला गेली. अर्ज करून परवानगी मागायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. 2 फेब्रुवारी 2024 ला तेलंगणाचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी नागोबाचं दर्शन घेऊन इंद्रवेल्लीला आले आणि हुतात्म्यांच्या स्मृतिवनाची पायाभरणी केली. गोळीबारानंतर त्रेचाळीस वर्षांनी.

मुतनूरहून आत वळलात की केस्लापूर. गावाशी वड आहेत, आणि वडांखाली मुक्काम. देवळात लगेच जायचं नसतं. कुळात वर्षभरात जी माणसं गेली त्यांचे तूमचे विधी इथे होतात. आधी मेलेल्यांचं, मग देवाचं. स्वयंपाकाला चुली 22. कुळाच्या शाखा 22, म्हणून. हजारो माणसं आली तरी तेविसावी चूल पेटत नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. गॅसची शेगडी आणणारा कुणी निघाला तर काय होईल? तुम्ही विचारून पाहता. भाकरी थापणारी बाई हसते, "आणा की जी. पर शिजल त्याला कोन खाईल?"

वडाखाली बसल्या बसल्या काळ पुन्हा सरकतो. 1940 चं दशक. जत्रा लहान आहे, मेस्रामांची कुळपूजा आणि त्यांचे सोयरे, थोडे फेरीवाले. समोर सतरंजीवर तालुकदार, तहसीलदार, जंगल खात्याचा अंमलदार बसले आहेत. त्यांना इथवर आणलंय हायमेनडॉर्फने. युक्ती साधी होती. गोंड कचेरीत जात नाहीत, गेले तर शिपाई आत सोडत नाही. पण पौष अमावास्येला ते केस्लापूरला येतातच. मग कचेरीलाच केस्लापूरला आणा. एक म्हातारा उभा राहतो आणि आपली शेती कुठल्या सालात कुणी कशी घेतली ते सांगू लागतो. कारकून लिहितोय. अंमलदाराच्या कपाळावर घाम आहे. पहिल्यांदाच त्यांना गोंडांच्या जमिनीवर बसून उत्तर द्यावं लागतंय.

हा दरबार पुढे कायम झाला. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, आंध्र प्रदेश झाला, तेलंगणा झाला, दरबार आहे. आता त्याला मंडप असतो, ध्वनिक्षेपक असतो, मंत्री येतात, योजनांचे स्टॉल लागतात. मंत्र्यांच्या स्वागताला गुस्साडी नाचवतात. गुस्साडी हा दिवाळीतल्या दंडारी नाचातला देवपाहुणा, अंगाला राख, डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप. मार्लवाईच्या कनक राजूंनी हे नृत्य दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनापर्यंत नेलं, 2021 ला त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 च्या ऑक्टोबरात ते गेले. त्यांनी शिकवलेल्या पोरांचा मान मोठा आहे. तरी पौषात, मंडपाच्या दारात, मोटारींच्या ताफ्यासमोर गुस्साडी बघताना मला संकोच होतो. त्याची तिथी वेगळी आहे.

जत्रेतल्या सगळ्या विधींत दरबार वयाने सर्वांत लहान, आणि थकलाय तोच सर्वांत जास्त. आजही रांगेत उभा असलेला माणूस हातात अर्ज घेऊन आहे: जंगलातली पोडूची जमीन, पट्टा, रस्ता. अर्ज घेतला जातो, फायलीत जातो. पुढच्या पौषात तोच अर्ज घेऊन तोच माणूस. मडकी दरवर्षी नवी होतात, अर्ज जुनेच राहतात.

एक छोटा थांबा 1957 चा. तीन महिन्यांपूर्वी, 1 नोव्हेंबर 1956 ला, राज्यांच्या सीमा बदलल्या. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं. किनवट आणि राजुरा तालुके मराठी मुलखाबरोबर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. किनवटकडून आलेली बैलबंडी आता परराज्यातली आहे. बंडीवाल्याला हे कुणीतरी सांगतं. तो बैल सोडतो, पेंढी टाकतो आणि विचारतो चुलीची पाळी कितवी. पैनगंगेपलीकडे आडनाव मेश्राम लिहितात, अलीकडे मेस्राम. देव दोघांना ओळखतो.

आता 21 जानेवारी 2023, शनिवार, अमावास्येची रात्र. समोर नवं देऊळ आहे, काळ्या-करड्या दगडाचं, खांबांवर कोरीव काम, मागच्या डिसेंबरात प्रतिष्ठा झालेलं. सुमारे 5 कोटी खर्च आला आणि तो कुळाने वर्गणीतून जमवला. शेतकऱ्याने दिले, मजुराने दिले, नोकरदारांनी जास्त दिले. सरकारकडे हात पसरायचे नाहीत हा हट्ट समजतो, आवडतोही. इमारतीबद्दल मात्र माझं मन अजून ठरत नाही. गोंडांचा देव वारुळात, साज्याच्या झाडात, जंगलात राहिलेला. त्याला दक्षिणी धाटणीचं दगडी देऊळ बांधून आपण त्याला इतर देवांच्या पंक्तीला बसवलं की त्याचं आपलेपण दगडात दडपलं? तुमच्या शेजारचा तरुण, मोबाइलवर कळसाचा फोटो काढत, म्हणतो, "आमच्या आज्याला लोक म्हनायचे तुमचा देव मातीचा. आता म्हना." याला मी काय उत्तर देणार? ज्याला हिणवलं गेलं त्याच्या दगडाचा हिशोब मी माझ्या सौंदर्यदृष्टीने करू नये.

आणि आत बघा तर देव अजून मातीचाच व्हायचा आहे. लेकी सिरिकोंड्याच्या घागरींतून पाणी आणताहेत, जावई माती कालवताहेत, वारुळाला नवा थर चढतो आहे. दगडी देवळाच्या उजेडात हे काम जसं झोपडीत झालं असेल तसंच चाललं आहे. सासुरवाडीच्या देवासाठी जावयाला चिखल तुडवावा लागतो ही गोष्ट आपल्याकडच्या धोंड्याच्या महिन्यात जावयाचे लाड करणाऱ्यांनी जरूर पाहावी. मग झारी उघडतात. गोदावरीचं पाणी नागोबावर पडतं.

यापुढचं तुम्हाला पाहुणा म्हणून पाहता येणार नाही. क्षणभर एक नवी सून व्हा. वय तेवीस, लग्न मे महिन्यात झालं. नर्सिंग केलंय, आदिलाबादला नोकरी आहे. आत्ता तुमच्या अंगावर पांढरी साडी आहे आणि पदर तोंडावरून खाली ओढलेला, पायापुढची दोन हात जमीन तेवढी दिसते. तुमच्यासारख्याच कितीतरी जणी ओळीत. याला भेटिंग म्हणतात. ही भेट होईपर्यंत घरात तुम्ही सून असलात तरी कुळात नाही. नागोबाच्या पूजेत तुमचा हात लागत नाही. लग्न झालं, रजिस्टरमध्ये सही झाली, आधार कार्डावर आडनाव बदललं, त्या कशाने इथे काही होत नाही. पुढे वडीलधाऱ्या बायका आहेत, त्या हाताला धरून नेतात. कपाळाला काही गार लागतं. तुम्ही वाकता. कुणाच्या तरी पायांवर हात, मग आणखी कुणाच्या, मग आणखी. पदराआड तुम्हाला राग येतोय का? थोडा. तोंड झाकून ओळख करून देण्यातली गंमत तुम्हाला कळते आहे. पण ओळीतली प्रत्येक म्हातारी तुमचं नाव विचारते आणि मोठ्याने परत म्हणते, आणि दवाखान्यात दिवसभर "सिस्टर" ऐकणाऱ्या कानाला ते बरं वाटतं. दोन्ही खरं आहे. बाहेर आल्यावर तुम्ही पदर मागे टाकता, नणंद फोन पुढे करते आणि सेल्फी निघतो. पांढऱ्या साडीतले हे फोटो उद्या सकाळी किनवटपासून चंद्रपूरपर्यंत पोचलेले असतील.

पुन्हा तुम्ही तुम्ही आहात. पाळणे फिरताहेत, बुंदीचे घाणे निघताहेत, पोलिसांच्या शिट्ट्या, आरटीसीच्या गाड्यांची घोषणा तेलुगूत, तिकिटाची घासाघीस मराठीत. पुढचे काही दिवस हे असंच चालेल, दरबारही होईल, आणि शेवटी बेतालाची पूजा, जिच्यात पांढऱ्या मिशांचे आजोबा काठ्या घेऊन उड्या मारतात आणि नातवंडं व्हिडिओ काढतात. मग मेस्राम पांगणार नाहीत. उटनूरजवळ श्यामपूरला बुडुमदेवाची जत्रा आहे, तिकडे जायचं.

वडाखाली सामान बांधणं सुरू आहे. रिकामी मडकी कुणी घ्यायची यावर दोन सुनांत कुजबूज. परधान किकरी पिशवीत घालतो आणि तुम्हाला म्हणतो, पाव्हणे, श्यामपूरला चला, तिथं काही चालत जायचं नाही. ट्रॅक्टर तयार आहे. फक्त ट्रॅक्टरवाला डिझेलचे पैसे आधी मागतोय, आणि गेल्या वर्षीचे कुणी दिले नव्हते याची यादी त्याच्याजवळ लिहून ठेवलेली आहे.